काल रात्री कुठे झोपलात?

टेलिफोनबाईंसमोर कुणी "बघू" म्हटलं की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. आमच्या आरोग्य कार्यालयात तर "बघू" म्हटल्याशिवाय कुणाचा दिवस सुरूच होत नसे. तेव्हा ही बाई सव्वीस वर्षं रोज स्वतःचं रक्त आटवत नोकरी करत होती, हे उघड आहे. मी आकडेवारीचा कारकून. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून, त्यामुळे त्यातली अठरा वर्षं मी अगदी जवळून पाहिली.

त्यांचं मूळ काम कार्यालयाच्या टेलिफोन बोर्डावरचं. बाहेरून फोन आला की पहिला आवाज त्यांचा. आमचं कार्यालय कोणत्या रस्त्यावर आहे हे माहीत नसलेली माणसं आमच्या विभागात भरपूर होती, पण बाईंचा आवाज माहीत नसलेला माणूस मिळणं कठीण. बाळाची लस कधी, दवाखाना किती वाजता उघडतो, कुत्रा चावला तर कुठे जायचं, सगळं त्या सांगायच्या, तेही समोरच्याला दादा, मावशी, पोरी असं काहीतरी म्हणून. कधी कुणी प्रत्यक्ष भेटायला आला की आवाज ऐकून खूश व्हायचा आणि चेहरा बघून जरा पडायचा. "आवाज पंचविशीतच ठेवलाय मी, बाकीचं गेलं पुढे," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि हसायच्या.

मग सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि बोर्ड काढून टाकला. भिंतीवर त्याचा फिकट चौकोन तेवढा राहिला. बाईंना एक साधा फोन, एक खुर्ची आणि आलेल्या टपालावर शिक्का मारायचं काम दिलं. चार वर्षं त्यांनी शिक्के मारले. शिक्का इतक्या जोरात आपटायच्या की माझ्या टेबलावरची पेन्सिल उडायची. एकदा मी म्हटलं, "बाई, जरा हळू." त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, साहेबांच्या डोक्यात नाही मारता येत, म्हणून कागदावर मारते."

मग साथ आली.

त्या साथीचं पुराण मी लावत बसत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. पण एका गोष्टीची मला तेव्हाही चीड यायची आणि आजही येते. रोज संध्याकाळी टीव्हीवर देशांची यादी लागायची, अमक्या देशात इतके आजारी, तमक्यात इतके. मग टाय लावलेले चार जण कारणं सांगायला बसायचे. एक म्हणायचा हवामान, दुसरा म्हणायचा खाणंपिणं, तिसरा म्हणायचा तो देश लहान आहे. चौथा मान हलवत म्हणायचा, तिकडची माणसं शिस्तीची, आपल्या लोकांना शिस्तच नाही. हे चौथं वाक्य आमच्या साहेबांना फार आवडलं. ते रोज सकाळी पंख्याचं बटण दाबता दाबता ते म्हणायचे, आणि ते एकदा म्हटलं की दिवसभर काही केलं नाही तरी चालायचं.

बाईंचा धाकटा भाऊ परदेशात बस चालवायचा. त्या देशात साथ आमच्याच महिन्यात पोचली, आमच्याइतकीच पसरली आणि तीन महिन्यांत आटोक्यात आली. टीव्हीवरच्या शिस्तीच्या यादीत तो देश पहिल्या पाचात. आता हा भाऊ इथे असताना आयुष्यात कधी रांगेत उभा राहिला नव्हता. स्वतःच्या लग्नाला निघताना चुकीच्या बाजूनं गाडी घातली म्हणून दंड भरून, अर्धा तास उशिरा पोचलेला माणूस. त्यालाही तो आजार झाला. बरा झाल्यावर एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. बाईंनी फोन शिक्क्याच्या डबीला टेकवून उभा केला आणि आम्ही दोघंही ऐकत बसलो.

"ताई, सकाळी दहाला निकाल आला आणि बारा वाजायच्या आत फोन," तो सांगत होता. "तुझ्यासारखीच एक बाई होती. पहिला प्रश्न काय विचारावा तिनं? काल रात्री कुठे झोपलात! मी दचकलोच. बायको शेजारीच बसली होती."

बाई खो खो हसल्या. "मग काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. रात्रपाळी होती, डेपोच्या खोलीत झोपलो होतो. मग तिनं विचारलं, त्या खोलीत अजून कोण झोपतं, जेवायला शेजारी कोण बसतं. तिघांची नावं दिली. संध्याकाळपर्यंत तिघंही घरी बसले. दुसऱ्या दिवशी दारात सामानाची पिशवी. पगार चालू. डेपोचे साहेब म्हणाले, चौदा दिवसांच्या आत दिसलास तर बघ."

"तू? तू चौदा दिवस घरात बसलास?"

"का नाही बसणार? बसून माझं काही बिघडत नव्हतं."

फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, हा माणूस काही बदललेला नाही. मी ओळखते ना त्याला. शिस्त त्याला नाही, त्यांच्या कागदाला आहे."

आमच्या कागदाला काय होतं ते सांगतो. आमच्या तपासणीच्या अर्जात चौतीस रकाने होते. आईचं नाव, वडिलांचं नाव, रक्तगट, शिक्षण, डाव्या गालावर तीळ असल्यास तो. आणि पत्ता, ओळखपत्रावरचा. माणूस ज्या पत्त्याचा, त्या विभागाचा तो रुग्ण, आणि त्याच विभागाच्या कार्यालयानं त्याच्या आसपासच्यांना फोन करायचा. नियम करणाऱ्याचा हेतू चांगला होता, एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये. मी स्वतः या नियमाची बाजू घेऊन लोकांशी भांडलो आहे. पण ज्याचं ओळखपत्र एकीकडचं आणि अंथरूण दुसरीकडे, त्याचं काय करायचं, हे चौतीस रकान्यांत कुठेही नव्हतं.

अशी माणसं फार लांब नव्हती. आमच्या कार्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून धुलाईचा कारखाना होता. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या. खाली मोठमोठी यंत्रं, कायम ओली जमीन, वाफेचे नळ. वर दोन लांबट खोल्या, मधे नुसती कमान, आणि त्यात तेवीस बायका राहायच्या. दोन खाटांमध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा. सगळ्याजणी बाहेरगावच्या, त्यामुळे सगळ्यांच्या ओळखपत्रांवर आपापल्या गावचे पत्ते.

त्यातली इस्त्रीवाली आमच्या ओळखीची होती. पन्नाशीची, काटक, डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. वीस वर्षं वाफेत उभी राहून तिला दमा जडला होता. तोंडात फवारा मारायचं औषध कायम तिच्या खिशात असायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांचे कोट घेऊन ती दर शनिवारी सकाळी यायची, बाईंच्या शेजारी स्टुलावर बसायची आणि चहा घ्यायची. प्रत्येक वाक्यानंतर श्वास गोळा करायला थांबायची. बाई तेवढा वेळ थांबायच्या. ज्या बाईंना "बघू" ऐकायला धीर नव्हता, त्या हिच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग येईपर्यंत हातातला शिक्का तसाच धरून बसायच्या.

दम्याच्या माणसाला ही साथ लागली तर काय होतं, ते आम्ही रोज आकड्यांत बघत होतो. इस्त्रीवालीची मुलगी नदीपलीकडे नवऱ्याबरोबर एका खोलीत राहायची. ती म्हणत होती, आई, दोन आठवडे ये, आम्ही स्वयंपाकाच्या ओट्याखाली झोपू. पण कारखान्याच्या मालकाचा नियम होता, कारणाशिवाय गेलीस तर परत येऊ नकोस. कारण म्हणून त्याला एकच कागद चालायचा, खोलीत कुणीतरी आजारी निघाल्याचा आमच्या कार्यालयाचा दाखला.

साथ आल्यावर बाईंना शिक्क्यावरून उठवून फोनवर बसवलं होतं. ज्यांचे निकाल वाईट आले त्यांच्या आसपासच्यांना फोन करायचे, हे काम. तेव्हा त्यांनी इस्त्रीवालीला सांगितलं, "हे बघा, तुमच्या खोलीत कुणाचाही निकाल वाईट आला की त्याच तासाला माझा फोन येईल. दाखला घेऊन मी स्वतः खाली येते. तुम्ही गाठोडं बांधून ठेवा आणि मुलीकडे निघा. माझा फोन नाही, म्हणजे खोली ठीक आहे असं समजा."

इस्त्रीवालीनं त्याच दिवशी गाठोडं बांधलं आणि खाटेखाली ठेवलं. दोन साड्या, एक टॉवेल, औषधाचा जादा डबा. हे ती आम्हाला दर शनिवारी हसून सांगायची.

आता माझा भाग.

कारखान्यात चादरींच्या घड्या घालणारी एक मुलगी होती. मंगळवारी तिला ताप आला म्हणून ती तपासणी केंद्रावर गेली. तिथे तिला सांगितलं, निकाल वाईट आला तर कार्यालयाचा फोन येईल, नाही आला तर काळजी नको. बुधवारी निकाल वाईट आला आणि माझ्या संगणकावर पोचला. दुपारी चारला आकडा वर कळवायचा असे. चारला दहा मिनिटं कमी होती. बाहेरगावच्या पत्त्याची चौदा नावं एकत्र आली होती. अशी नावं आली की एकच कळ दाबायची, "पुढे पाठवा", की ती ज्याच्या त्याच्या गावच्या कार्यालयाकडे जायची. मी कळ दाबली. नावं वाचली नाहीत. वाचली असती तर कळलं असतं, कारण तिच्या नावापुढे कामाच्या रकान्यात आमच्या भिंतीमागच्या कारखान्याचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. आमच्या विभागाचा त्या दिवसाचा आकडा शून्य, आणि मी वेळेवर घरी गेलो.

तिकडच्या कार्यालयानं आपलं काम चोख केलं. त्यांचा माणूस मुलीच्या घरी गेला. म्हातारा बाप दारात होता. तो म्हणाला, ती तीन वर्षं झाली शहरात गेली, इथे कुठे? त्या माणसानं कागदावर लिहिलं, "व्यक्ती पत्त्यावर आढळली नाही," आणि प्रकरण बंद केलं. त्याला तरी काय नाव ठेवणार? तो पत्त्यावर गेला होता, आणि व्यक्ती आढळली नव्हती.

मुलीला फोन आला नाही. दोन दिवस ती खाटेवर पडून राहिली. रोजची मजुरी कापली जात होती, म्हणून शुक्रवारी उठली आणि घड्या घालायला लागली.

शनिवारी इस्त्रीवाली कोट घेऊन आली, पण आत आली नाही. दारातच गठ्ठा ठेवला आणि मास्कच्या आडून म्हणाली, "बाई, मी जवळ येत नाही. शेजारच्या घडीवाल्या पोरीला ताप होता, आता नुसता खोकला. मलाही कालपासून कणकण आहे." मग श्वास घ्यायला थांबली. "पण तुमचा फोन नाही आला, म्हणून म्हटलं साधंच असेल. म्हणून राहिले."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊसाहेब, आठवड्याची यादी काढा. बाहेरगावची पण."

मी काढली. बुधवार, नववं नाव.

"हे कुठे गेलं?"

"तिच्या पत्त्यावर. बाप भेटला, ती आढळली नाही, असा तिकडून शेरा आलाय."

"अहो, ती या भिंतीमागे झोपते!" बाईंनी हातानं भिंतीवर थाप मारली, जिथे बोर्डाचा चौकोन होता तिथेच. "कुणी पाठवलं हे?"

"संगणकानं," मी म्हणालो.

त्या दोन क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून साहेबांच्या खोलीत गेल्या. मागोमाग मीही गेलो. साहेबांना त्या दिवशी काळजी होती ती वेगळीच. सलग बारा दिवस रुग्ण नसेल तर विभाग "हिरवा" जाहीर व्हायचा, बाजार उघडायचा आणि साहेबांचं नाव वर जायचं. आमचे नऊ दिवस झाले होते.

"दाखला कसा देणार?" साहेब म्हणाले. "आपल्या विभागात रुग्णच नाही. कागदावर ती मुलगी दुसऱ्या विभागाची आहे."

"साहेब, कागद झोपत नाही वरच्या खोलीत. तेवीस बायका झोपतात. आज त्यांना वेगळं केलं नाही तर पुढच्या आठवड्यात..."

"बघू."

हा शब्द त्यांनी त्या दिवशी काढायला नको होता. बाईंचा पंचविशीतला आवाज आख्ख्या इमारतीनं ऐकला. मला त्यातलं सगळं आठवत नाही, पण साहेब मागे सरकले आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, "अहो, आपल्या लोकांना शिस्तच नाही. ताप असताना ती कामावर गेलीच कशी?"

"तिला सांगितलं कुणी? सांगणाऱ्यांनी तिच्या बापाला शोधलं! घरी बसली असती तर खायला कुणी घातलं असतं, तुम्ही? माझा भाऊ तिकडे शिस्तीचा झाला, कारण त्याला दोन तासांत फोन आला. हिला आज चौथा दिवस आहे आणि आपण इथे तिचं गाव कोणतं यावर बोलतोय!"

मग त्यांनी साहेबांना विचारणं सोडून दिलं. इस्त्रीवालीला गाडीत घालून नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. मुलीकडे जायची वेळ टळून गेली होती. स्वतःच्या मोबाइलवरून कारखान्यातल्या एकेकीला फोन लावला आणि प्रत्येकीला पहिला प्रश्न तोच विचारला. नवीन अर्ज मिळेना, तेव्हा टपालाच्या पाकिटांच्या पाठीवर खाटांचा नकाशा काढला, कोण कुणाच्या शेजारी, खिडकी कुठे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना हाताला धरून वर नेलं आणि सगळ्यांची तपासणी करवली. इस्त्रीवाली धरून तेवीसपैकी अकरा आजारी निघाल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकेला भांडून दोन वर्ग उघडायला लावले आणि उरलेल्या बारा जणींना तिथे झोपवलं. त्या बारांपैकी पुढे एकीलाच ताप आला. एका बाईनं, एका मोबाइलवर, दोन दिवसांत एवढं केलं. जे देश सुटले ते याहून काही निराळं करत होते असं मला वाटत नाही. ते फक्त बुधवारीच करत होते, शनिवारी नाही.

पण अर्ज तोच होता. अकरा जणींचे निकाल माझ्याकडे आले आणि संगणकानं ते अकरा गावांना वाटले. प्रत्येक गावात एक. प्रत्येक गावच्या माणसानं पत्त्यावर जाऊन लिहिलं, आढळली नाही. या वेळी मी सगळी नावं वाचली, साहेबांकडे घेऊनही गेलो. साहेब म्हणाले, नियम आहे. एका खोलीतली साथ अकरा ठिकाणी विरघळली आणि आमच्या विभागाचा आकडा शून्यच राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती आग घेऊन मी परत माझ्याच खुर्चीत येऊन बसलो, हेही सांगितलं पाहिजे.

इस्पितळात इस्त्रीवालीच्या खोलीत कुणाला सोडत नव्हते. बाई रोज सकाळी नऊला आणि दुपारी तीनला तिथल्या नर्सला फोन करायच्या. कधी नर्स फोन इस्त्रीवालीच्या कानाला लावायची. ती बोलू शकत नव्हती, मग बाईच बोलायच्या. डॉक्टरांचे कोट दुसऱ्याकडे दिलेत, पण कॉलर कशा बसत नाहीत, असलं काहीतरी. दहाव्या दिवशी तीनला फोन केला तेव्हा नर्स म्हणाली, "बाई, आता नका करू फोन."

बाईंनी फोन खाली ठेवला. इतक्या हळू ठेवला की मला आवाज आला नाही.

तिचा मृत्यू तिच्या गावच्या आकड्यात मोजला गेला. आमचा विभाग त्याआधीच हिरवा झाला होता. मग वरून मोठे साहेब आले. सभागृहात खुर्च्या, हार, काचेच्या चौकटीत सन्मानपत्र. आमच्या साहेबांनी भाषणात स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग कुणाला तरी वाटलं, टेलिफोनबाईंचा आवाज छान आहे, त्यांनी आभार मानावेत. बाई माइकपुढे उभ्या राहिल्या आणि मोठ्या साहेबांकडे वळल्या.

"साहेब, काल रात्री कुठे झोपलात?"

सभागृहात हशा पिकला. मोठे साहेबही हसले. "इथेच की, विश्रामगृहात."

"आणि ओळखपत्रावर पत्ता?"

"राजधानीचा."

"म्हणजे आज तुम्हाला ताप आला, तर फोन राजधानीत जाणार. तिथे म्हणणार, साहेब घरी नाहीत. आणि विश्रामगृहातला स्वयंपाकी उद्या सकाळी तुमचा चहा गाळणार. त्याला कोण सांगणार?"

आता कुणी हसलं नाही. मग त्यांनी खोलीचं सांगितलं, अकरा जणींचं, अकरा गावांचं. इस्त्रीवालीचं मात्र सांगितलं नाही. मोठ्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "फार चांगली सूचना आहे. लेखी द्या."

बाईंनी त्याच दुपारी लेखी दिली. अर्जातला पहिला प्रश्न हा असावा, आणि ज्या विभागात माणूस झोपतो त्या विभागानं फोन करावा. सगळं मिळून पाच ओळी.

सहा महिने उत्तर नाही. मग एका सकाळी टपालात परत आलेली पाकिटं होती, त्यात एकावर बाईंचं नाव. सूचनेचं उत्तर निघालं होतं, पाठवणाऱ्याच्या जागी आमच्याच कार्यालयाचा पत्ता घालून, फक्त ते बाईंच्या ओळखपत्रावरच्या पत्त्यावर पाठवलं होतं. म्हणजे त्यांच्या माहेरी. बाईंचं लग्न होऊन तीस वर्षं झाली होती, माहेरचं घर पाडून तिथे गोदाम झालं होतं, आणि ओळखपत्र बदलायला त्यांना कधी वेळ झाला नव्हता. पाकिटावर पोस्टाचा शेरा होता, "व्यक्ती पत्त्यावर आढळली नाही." परत आलेल्या टपालावर आवक शिक्का मारायचं काम अजूनही बाईंचंच. त्यांनी तो मारला. मग पाकीट फोडून पत्र मला वाचायला दिलं. आत एकच ओळ होती, आपली सूचना विचाराधीन आहे.

"म्हणजे बघू," बाई म्हणाल्या.

मला हसू आलं, आणि हसता हसता स्वतःचाच राग आला.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी इस्त्रीवालीची मुलगी आली. आईच्या मृत्यूचा दाखला आणायला तिला गावी दोन फेऱ्या माराव्या लागल्या होत्या. गावातल्या कार्यालयाला बाई मेली कुठे हे माहीत नव्हतं, आणि इथल्या कार्यालयाच्या लेखी ती इथे कधी राहतच नव्हती. दाखला दाखवून झाल्यावर तिनं पिशवीतून एक गाठोडं काढलं. कारखान्यातून मिळालं होतं. दोन साड्या, टॉवेल, औषधाचा डबा. गाठ तशीच होती.

"बाई, एक विचारू?" ती म्हणाली. "आई म्हणायची, बाईंचा फोन आला की मी निघाले. मी रोज वाट बघायचे. तुमचा फोन आला होता का तिला? ती माझ्यावर रागावून आली नाही, असं मला वाटत राहतं."

मी समोरच बसलो होतो. माझ्या हाताखाली तोच संगणक होता आणि तीच कळ. एक वाक्य पुरे होतं.

बाई म्हणाल्या, "नाही गं पोरी. ती रागावली नव्हती, ती फोनची वाट बघत होती. फोन मी करायचा होता. तो माझ्याकडून राहिला."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आधी राग आला. तो बाईंनी सगळाच्या सगळा अंगावर घेतला, मान खाली न घालता. मग ती गाठोडं छातीशी धरून रडली आणि निघून गेली. जाताना बाईंच्या पाया पडली नाही, नमस्कारही केला नाही. त्यात तिचं काही चुकलं नाही.

ती गेल्यावर मी म्हणालो, "बाई, ती कळ संगणकानं नाही दाबली. मी दाबली होती."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्याच शनिवारपासून. चारला दहा कमी असताना घाई संगणकाला नसते, भाऊसाहेब."

"मग बोलला का नाहीत? आत्तासुद्धा?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. आठ महिने थांबले." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला सोसेना. "आणि तिला काय सांगायचं? कुणी कारकून होता, त्यानं कळ दाबली? तिची आई तुम्हाला विचारून राहिली नव्हती. माझा फोन नाही म्हणजे खोली ठीक, हे मी म्हटलं होतं. माझ्या शब्दावर ती राहिली."

घड्याळात साडेतीन झाले होते. त्या दिवशीची यादी संगणकावर आली होती, बाहेरगावची सतरा नावं. अर्ज तोच, रकाने चौतीसच.

बाईंनी आपली खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली, एक रिकामं पाकीट उलटं केलं आणि पेन उघडलं. "वाचा," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं. काम कुठे करतात तेही वाचा."

मी पहिलं नाव वाचलं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि फोन उचलला.